खाणवस्तीकडचा उतार

"वास कधीपासून येतोय, बाबा?"

मठाधिपती सोमारनाथबाबांनी डोळे मिटले.

उत्तर द्यायचं नसलं की म्हातारी माणसं डोळे मिटतात. मठात त्याला ध्यान म्हणतात. विश्राम खोमणे हे लहानपणापासून बघत आला होता, म्हणून तो थांबला नाही.

"मी विचारतोय, बाबा. विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास कधीपासून आहे? काल-परवाची गोष्ट नाही ही. आतले दगड तेलकट झालेत. त्याला वेळ लागतो."

बाबांनी डोळे उघडले.

"दत्तजयंतीपासून."

"ती तर अजून यायचीय."

"मागच्या."

म्हणजे वर्ष होत आलं होतं.

मठ डोंगराच्या सोंडेवर आहे. वरच्या अंगाला मोठा रस्ता आणि रस्त्याकडेला पेट्रोल पंप. मधे मठ. मठाच्या खाली, उतार संपतो तिथे खाणवस्ती. खडी फोडणाऱ्यांची पत्र्याची घरं. वरून बघितलं तर पत्रे दिसतात, माणसं दिसत नाहीत. मठातून कुणी फारसं बघतही नाही.

विश्रामचे वडील गेले तेव्हा आईने त्याला मठाच्या वसतिगृहात आणून सोडलं होतं. तो बाबांच्या हाताखाली वाढला. पुढे भूगर्भशास्त्र शिकला. जमिनीखालच्या टाक्या फुटल्या की पेट्रोल, डिझेल कुठे मुरलं, कुठल्या पाण्यात गेलं, हे शोधायचं काम करतो. नगरला स्वतःचं ऑफिस आहे. मठाच्या ट्रस्टने त्याला बोलावलं, तेव्हा तो गाडीत भोकं पाडायचं मशीन घालून आला. आपण कोण झालो ते या लोकांनी एकदा बघावं, असंही त्याच्या मनात होतं. असायचंच.

"वसतिगृहातली पोरं काय पीत होती?" त्याने विचारलं.

"हेच."

"आणि तुम्ही?"

"हेच."

"झालं मग. तुम्ही प्यायलात म्हणजे पोरांनाही चालतं."

सेवक कानिफ दाराशी उभा होता. त्याला गप्प बसवेना.

"हंड्यात वाळा टाकत होतो, विश्रामदादा. वास मरतो वाळ्याने."

"कुणी सांगितलं टाकायला?"

कानिफने बाबांकडे बघितलं.

"मी सांगितलं," बाबा म्हणाले.

"बाबा, पेट्रोलमधलं जे पाण्यात विरघळतं ते रक्तात जातं. ते वाळ्याला घाबरत नाही. पोरांची तपासणी करायला लागेल. सगळ्यांची. उद्याच."

"कर."

"एवढंच?"

"अजून काय बोलू?"

विश्रामने पिशवी जवळ ओढली.

सभामंडपातल्या सतरंजीवर भिंतीला टेकून तात्यासाहेब बोरुडे बसले होते. मठाच्या ट्रस्टचे अध्यक्ष. वरचा पेट्रोल पंपही त्यांचाच. यात गावाला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. सभामंडपाचे पत्रे तात्यासाहेबांनी दिले होते आणि त्या पत्र्यांखाली बसून कुणी त्यांना प्रश्न विचारत नसे.

"अरे बाळा," तात्यासाहेब म्हणाले, "एवढं काय डोक्यात घेतोस? गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात पेट्रोलचा टँकर उलटला होता ना वळणावर, त्याचं आहे हे. मी पहिल्यापासून सांगतोय."

"टँकर रस्त्याच्या पलीकडे उलटला, तात्यासाहेब. तिकडचं पाणी पलीकडच्या ओढ्याला जातं. मी तिथेही भोक पाडलं. माती स्वच्छ आहे."

"भोक पाडून कळतं व्हय?"

विश्रामने पिशवीतून तीन बरण्या काढून फरशीवर मांडल्या. तिन्हीत मुरूम होता.

"ही टँकर उलटला तिथली. ही मठाच्या फाटकाजवळची. ही तुमच्या पंपाच्या भिंतीलगतची. झाकण काढा आणि वास घ्या."

"पंपवाल्याला पेट्रोलचा वास देतोस? आमची नाकं कधीच मेलीत."

कानिफ हसला आणि लगेच हसायचा थांबला.

"मग डोळ्यांनी बघा." विश्रामने पारदर्शक नळी उभी धरली. पंपाशेजारच्या भोकात सोडून वर काढलेली होती ती. नळीत खाली पाणी होतं आणि पाण्यावर बोटभर जाडीचा पिवळट थर.

"पाण्यावर तेल तरंगतं, हे सांगायला कॉलेज कशाला लागतं?" तात्यासाहेब म्हणाले.

"तरंगतं हे सगळ्यांना माहीत आहे. कुणाचं तरंगतंय, ते सांगायला लागतं. तुमच्या वडिलांनी पुरलेली जुनी टाकी आहे, कोपऱ्यातली. साधं लोखंड. बुडाशी गंजलीय."

"आमची माणसं रोज सकाळी काठी टाकून टाकी मोजतात. कमी भरलं तर आम्हाला कळणार नाही?"

"रोज थोडंच कमी भरतं. उन्हाने उडालं म्हणता आणि सोडून देता."

तात्यासाहेबांनी उपरणं सारखं केलं. ते तसंच म्हणत होते आणि तसंच सोडून देत होते.

"बाबा," ते म्हणाले, "तुमच्या अन्नावर वाढलेलं पोर आहे हे."

"खरं बोलतंय का?" बाबांनी विचारलं.

"आता खरं-खोटं कोण..."

"टाकी गळते का, तात्या?"

"..."

"दोन कामं आज व्हायला पाहिजेत," विश्राम म्हणाला. आता त्याच्या आवाजात धार आली होती. "पहिलं काम, धुनी विझवा."

विहिरीतली मोटर तेवढी घरघरत होती.

धुनी सभामंडपासमोर, विहिरीला लागून होती. मठ स्थापन झाला तेव्हापासून ती विझलेली नाही, असं गावात सांगतात. पावसात तिच्यावर छप्पर धरून माणसं उभी राहिलेली आहेत. एका वर्षी लाकूड मिळेना, तेव्हा मठाची दारं तोडून घातली होती.

"काय बोलतोस, कळतंय का तुला?" तात्यासाहेब अर्धे उठले. "पिढ्यानपिढ्यांची धुनी आहे ती. तुझ्या शिक्षणाला आग लाव."

"आग लागायचीच भीती आहे." विश्रामने कमरेचं छोटं यंत्र काढलं आणि विहिरीच्या तोंडाशी नेलं. ते चिरक्या आवाजात वाजायला लागलं. "पेट्रोलची वाफ विहिरीत साठते. वारा पडला की काठावर येते. धुनी इथे आहे आणि पोरं अंघोळीला इथेच येतात. आतापर्यंत काही झालं नाही हे नशीब."

"नशीब नाही, नाथांची कृपा."

"काय म्हणायचं ते म्हणा. विझवा."

"बाबा, तुम्ही तरी सांगा याला..."

बाबा उठले होते. चिमटा हातात घेऊन ते धुनीकडे चालले होते.

कानिफला काय करावं सुचेना. त्याने सवयीने विहिरीवरची भरलेली बादली उचलली आणि धावला. विश्रामने त्याचा दंड धरला.

"कुठे निघालास?"

"विझवायला."

"कुठल्या पाण्याने?"

कानिफने बादलीत बघितलं. पाण्यावर रंगीत तवंग हलत होता. त्याने बादली हळूच खाली ठेवली आणि हात धोतराला पुसले.

बाबांनी चिमट्याने लाकडं एकेक करून बाजूला ओढली. निखारे पसरले. शेजारच्या झाडाच्या आळ्यातली कोरडी माती दोन्ही हातांनी ओढून वर टाकली. गुडघे टेकून तळव्यांनी दाबली. थोडा धूर निघाला आणि मग तोही निघेना.

तात्यासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते खरं पाणी होतं. पोरं पेट्रोल पितात हे ऐकताना ते आलं नव्हतं.

"झालं," बाबा म्हणाले. "दुसरं काम?"

इतक्या सहज होईल असं विश्रामला वाटलं नव्हतं. भांडायची सगळी तयारी करून आला होता तो.

"दुसरं सोपं आहे," तो म्हणाला. "मोटर बंद करा. विहीर कायमची बंद करा. वर स्लॅब टाका. रस्त्याच्या वरच्या अंगाला, पंपाच्या पलीकडे नवा बोअर घ्या. तिथलं पाणी चांगलं आहे. बोअर होईपर्यंत पाण्याचा टँकर. माझा अहवाल तयार आहे, तसंच लिहिलंय."

तात्यासाहेब डोळे पुसता पुसता थांबले.

"स्लॅब मी टाकून देतो," ते म्हणाले. "वर चांगला ओटा बांधू. फरशी बसवू. तुळशीवृंदावन करू मधे. बोअरही माझ्याकडून. आणि ती कोपऱ्यातली टाकी... ती काय, जुनीच झालीय. रिकामी करून टाकू. उगीच चार ठिकाणी बोलायला नको." ते विश्रामकडे वळले. "हुशार आहेस रे. आधी असं सांगायचं की."

ट्रस्टच्या अध्यक्षांना आपला अहवाल आवडला, याचं विश्रामला थोडं बरं वाटलं. त्याने तसं दाखवलं नाही.

"मोटर बंद करायची नाही," बाबा म्हणाले.

"बाबा?"

"चालू राहील."

विश्राम हसला. चांगलं हसू नव्हतं ते.

"धुनी विझवता आली आणि विहीर सोडवत नाही? मूळ पुरुषाने खणलेली विहीर. तीर्थ. मला वाटलं आज तुम्ही सुधारलात."

"विहिरीत पेट्रोल कसं येतं?"

"सांगितलं की. टाकी गळते."

"टाकी वर आहे. विहीर इथे आहे. मधे एवढी जमीन आहे. इथेच का येतं?"

विश्रामला शिकवायला आवडायचं. धुनीच्या बाजूला जुन्या, गार राखेचा ढीग होता. त्यातली मूठभर त्याने फरशीवर पसरली आणि बोटाने तीन खुणा केल्या.

"हा वर पंप. ही मधे विहीर. ही खाली खाणवस्ती. वरचा थर मुरमाचा आहे, त्याच्याखाली काळा पाषाण. पाणी पाषाणात शिरत नाही, त्याच्या पाठीवरून उताराने वाहतं. पेट्रोल त्या पाण्याबरोबर जातं."

"उतार कुणीकडे?"

"खाणवस्तीकडे. पण तुमची मोटर दिवसभर चालते. बाग, भक्तनिवास, महाप्रसाद. एवढा उपसा झाला की विहिरीतलं पाणी खोल जातं आणि चारी बाजूंचं पाणी विहिरीकडे वळतं. त्याच्याबरोबर पेट्रोलही वळतं. म्हणून ते इथे येतं." त्याने पंपापासून विहिरीपर्यंत राखेत रेघ ओढली. "मी सगळ्या भोकांत पाण्याची पातळी मोजलीय. यात शंका नाही."

बाबा वाकले. अंगठ्याने त्यांनी राखेतली विहीर पुसली.

"मोटर बंद केली. विहिरीवर ओटा बांधला. आता काढ. पेट्रोल कुठे जातं?"

विश्रामने पंपाच्या खुणेवर बोट ठेवलं. खाली आणलं. विहीर पुसली होती तिथे आल्यावर बोट थांबलं.

"काढ."

बोट पुढे गेलं नाही.

"जाईना का खाली," तात्यासाहेब म्हणाले. "खाली खाण तर आहे. दगडाला काय होणार?"

"खाणीशेजारी कोण राहतं?" बाबांनी विश्रामला विचारलं. तात्यांकडे त्यांनी बघितलंही नाही.

"वस्ती."

"पाणी कुठलं पितात?"

"हापसा आहे एक."

"पाणी कसं आहे?"

"स्वच्छ."

"तुला काय माहीत?"



हापशाचं पाणी विश्रामनेच तपासायला नेलं होतं. दूषित पाणी किती दूषित आहे हे दाखवायला शेजारी एक चांगलं पाणी मांडावं लागतं. आसपास सगळ्यात चांगलं पाणी खाणवस्तीचं निघालं. बाटली भरताना एक बाई घागर घेऊन आली होती. धोत्रेबाई. तिने विचारलं होतं, "आमच्या पाण्याला काय झालं का, भाऊ?" तो म्हणाला होता, "काही नाही, मावशी. चांगलं आहे म्हणूनच नेतोय." तिला बरं वाटलं. तिने त्याच्या हातातली ओली बाटली घेऊन पदराने पुसून दिली. ती गेल्यावर त्याने ती बाटली ओतून टाकली आणि दुसरी बाटली भरली. पदराने पुसलेला नमुना प्रयोगशाळेत चालत नाही.

"मी तपासलंय," तो म्हणाला. "आज स्वच्छ आहे."

"आज."

"हो. आज."

"तुझ्या अहवालात खाणवस्ती कुठे आहे?"

"शेवटच्या पानावर."

"काय म्हणून?"

"चांगल्या पाण्याचा नमुना म्हणून."

कानिफने मान खाली घातली. त्याला सगळं कळलं होतं असं नाही, पण एवढं कळलं.

"विहीर बंद केली की तिकडे जाईल, हे तुला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"लिहिलं नाहीस."

"तुम्ही मला मठाच्या विहिरीचं विचारलं होतं. ट्रस्टने लिहून दिलेलं काम तेवढंच होतं. खाणवस्ती माझ्या कामात नव्हती."

बोलून झाल्यावर त्याला ते वाक्य ऐकू आलं. तो लाल झाला. आणि माणूस लाल झाला की जे करतो तेच त्याने केलं.

"तुम्ही मला शिकवताय?" त्याचा आवाज चढला. "वर्षभर वास घेत बसलात. पोरांच्या हंड्यात वाळा टाकलात. तात्यासाहेबांनी पत्रे दिले म्हणून तोंड उघडलं नाहीत. आणि आज राखेत अंगठा फिरवून मला खाणवस्ती दाखवता?"

"हो."

"लाज वाटत नाही?"

"वाटते. तुला वाटते का?"

तात्यासाहेबांना एवढं स्पष्ट बोलणं सहन होत नव्हतं. त्यांनी मधेच विषय उचलला.

"हे बघा, वस्तीचं एवढं काय घेऊन बसलात? सरकारी जागेवर आहे ती. खाण बंद पडली की उठेल. आणि लागलंच तर पाठवू की एखादा टँकर. शिवाय नळयोजना येतेच आहे."

"मी वसतिगृहात होतो तेव्हापासून येतेय ती," विश्राम म्हणाला.

"मग आता येईल."

"पंप कुणाच्या जमिनीवर आहे, तात्या?" बाबांनी विचारलं.

"हे काय विचारणं झालं, बाबा? मठाच्या."

"टाकी पुरायला खड्डा खणला तेव्हा नारळ कुणी फोडला?"

"तुम्हीच. वडील होते तेव्हा माझे."

"हं."

तात्यासाहेबांनी थोडा विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांना त्यातही काहीतरी मंगल सापडलं होतं.

"म्हणजे बाबा, वस्तीवर जाणारं विष मठाने स्वतःकडे ओढून घ्यायचं. महादेवासारखं. लोकांना सांगितलं तर..."

"कुणाला काही सांगू नकोस," बाबा म्हणाले. "विष आपलंच आहे. महादेवाला मधे आणू नकोस."

विश्राम फरशीवर बसला होता. राखेकडे बघत होता. राग उतरला नव्हता, पण डोकं चालायला लागलं होतं.

"मोटर चालू ठेवायची म्हणजे काय, ते आधी ऐका," तो म्हणाला. "पंप आजच बंद करून टाकी रिकामी करायची. गुपचूप नाही, संबंधित खात्याला कळवून. मग टाकी खणून बाहेर. त्याने गळणं थांबेल. पण जे मुरमात मुरलंय ते येतच राहणार. काही वर्षं."

"येऊ दे."

"उपसलेलं पाणी कुठेही सोडता येणार नाही. बागेच्या जागी हौद बांधावे लागतील. पहिल्यात पेट्रोल वर तरंगेल, ते काढून घ्यायचं. मग पाण्यात हवा सोडायची, मग कोळशातून गाळायचं. एवढं करूनही ते प्यायचं नाही. अभिषेकाला नाही. तीर्थ म्हणून तर नाहीच."

"बरं."

"मठात पेट्रोलचा वास राहील. मोटर दिवसरात्र चालेल. ध्यानाच्या वेळीही."

"बरं."

"पोरांना इथून हलवावं लागेल."

"आजच हलव."

"भाविक यायचे नाहीत, बाबा."

"न येवोत."

"मग मठ कसला राहिला?" तात्यासाहेब म्हणाले.

यावर बाबा काहीच बोलले नाहीत. डोळेही मिटले नाहीत.

तात्यासाहेब उठले. चपला शोधल्या. दारात थांबून बोलले ते अगदी मायेने. मोठी माणसं वाईट गोष्ट नेहमी मायेनेच सांगतात.

"बाबा, तुमच्या शब्दाबाहेर आम्ही नाही. चालू ठेवा मोटर. पण तुमचं वय झालं. पुढे ट्रस्टला बघावं लागणार. ट्रस्ट योग्य ते ठरवेल. ओटा काय, पुढच्या वर्षीही बांधता येईल."

ते गेले. त्यांची गाडी वर पंपाकडे वळली.

कानिफ पोरांच्या सतरंज्या गोळा करायला गेला. विश्राम आणि बाबा दोघेच राहिले. उन्हं उतरली होती. विझलेल्या धुनीवर एक कुत्रं येऊन बसलं. त्याला हाकलायचं कुणाच्या मनात आलं नाही.

"ते मोटर बंद करतील," विश्राम म्हणाला.

"करतील."

"तुम्ही आहात तोवर नाही करायचे."

"तोवर मी करीन."

विश्रामने मान वर केली.

"दत्तजयंतीला कुणी येणार नाही," बाबा म्हणाले. "मंडप रिकामा राहील. चार दिवस मी सहन करीन. पाचव्या दिवशी वाटेल, एक तासभर बंद ठेवली तर काय बिघडतं. मग दोन तास. मला माहीत आहे. मी वर्षभर वाळा टाकलाय. तू थांबशील इथे?"

"मी नगरला असतो, बाबा. मला कामं आहेत."

"तेच."

मोटर चालली होती. इतकी वर्षं ती चालत होती आणि मठात कुणी तिचा आवाज कधी ऐकला नव्हता.

विश्रामने खिशातून अहवाल काढला. घडी उघडली, पुन्हा घातली. मग तो उठला. चिडलेला माणूस हाताला काम शोधतो, तसा तो विहिरीभोवती फिरला. कठड्याला लोखंडी पेटी ठोकलेली होती. तिच्यावर मोटरीची दोन बटणं. चालू करायचं हिरवं, बंद करायचं लाल.

"ही स्टार्टरची पेटी इथे चालणार नाही," तो म्हणाला. "मोटर पाण्याखाली आहे, तिची भीती नाही. पण बटण दाबलं की या पेटीत ठिणगी उडते. वाफेला तेवढी पुरते. पेटी विहिरीपासून लांब न्यायला पाहिजे."

"किती लांब?"

"हवी तितकी. पलीकडच्या भिंतीवर नेली तरी चालेल. नुसती वायर वाढवायची आहे."

बाबा उठून कठड्याशी आले. पेटीवरच्या दोन बटणांकडे त्यांनी बघितलं. मग उताराकडे बघितलं. खाली पत्र्यांवर ऊन होतं. हापशाचा दांडा कुणीतरी हलवत होतं. एवढ्या लांबून माणूस नीट दिसत नव्हता, हात तेवढा वरखाली होताना दिसत होता.

"विश्राम..."

"बोला."

"खाणवस्तीपर्यंत वायर पुरेल का?"